न दिसणाऱ्या रुग्णासाठी लिहिताना
औषधालयाचे पहिले संकेतस्थळ आणि त्यावरील मजकूर

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. औषधालयात वैद्य आणि रुग्ण समोरासमोर असतात. संकेतस्थळावर मात्र औषध तेवढे दिसते. रुग्ण आपल्याला दिसत नाही आणि वैद्य रुग्णाला दिसत नाही. दोघांमध्ये उरतो तो केवळ मजकूर. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू-भगिनी व औषधालयचालक आज पहिले संकेतस्थळ सुरू करण्याच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी स्वानुभवातून चार गोष्टी मांडीत आहे.

आमचे संकेतस्थळ प्रथम तयार झाले तेव्हा छायाचित्रे, रंगसंगती आणि बोधचिन्ह यांत महिना गेला. मजकूर मात्र संकेतस्थळ बनविणाऱ्या तरुणाने इकडून तिकडून जुळवून आणला. मी तो वरवर चाळला आणि संमती दिली. तिसऱ्या आठवड्यात दूरच्या गावाहून एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. त्यांच्या वडिलांचे इन्शुलिन चालू होते. ते म्हणाले, "वैद्यराज, तुमच्या पानावर मधुमेह समूळ जातो असे लिहिले आहे. चूर्ण आजच पोहोचले. मग उद्यापासून इन्शुलिन बंद करू ना?"

त्यांनी विचारले म्हणून अनर्थ टळला. न विचारता बंद करणारे किती असतील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. चूर्ण परत मागवून मूल्य परत केले, दुसऱ्याच दिवशी सर्व पाने उतरविली आणि स्वतः लिहावयास बसलो.

कायद्याची चौकट

लेखणी उचलण्यापूर्वी औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अवश्य वाचावा. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग व अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, पक्षाघात, स्थौल्य व रक्तदाब त्यांत आहेतच. परंतु सर्वसाधारण ज्वर, संधिवात आणि स्त्रीरोगही आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. या रोगांवर अमुक औषध उपयुक्त आहे अशी जाहिरात करता येत नाही. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्यातील 'जाहिरात' या शब्दात परिपत्रक, लेबल, वेष्टन व अन्य दस्तऐवज येतात. संकेतस्थळावरील मजकूर त्यातून सुटतो असे कोणी समजू नये. जाहिरातींस पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० हा २०१८ साली आला आणि २०२४ साली तो वगळण्याची अधिसूचना निघून प्रकरण न्यायालयात गेले. त्या नियमाचे काहीही होवो, १९५४ चा अधिनियम कायम आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. आपल्या रुग्णांसाठी स्वतः औषध तयार करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये उत्पादन परवान्यातून सूट आहे. ही सूट 'स्वतःच्या रुग्णांपुरती' आहे. ज्याला आपण कधी तपासले नाही, अशा मागणीदारास घरी कुटलेले चूर्ण टपालाने पाठविणे या सुटीत बसत नाही. संकेतस्थळावर परवानाधारक उत्पादकाचेच औषध ठेवावे आणि परवाना क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत व उत्पादकाचा पत्ता तेथेच द्यावा.

आरंभ लहान असावा

दोनशे औषधांची यादी पहिल्याच दिवशी चढविण्याचा मोह आवरावा. ज्यांची आपणांस पूर्ण माहिती आहे आणि जी प्रवासात बिघडत नाहीत, अशी पाच-सहा औषधे पुरेत. चूर्णांची सवीर्यता अल्प, तर आसवारिष्टे जुनी झाल्याने गुणवान होतात, असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. टपालाचा हिशेब मात्र याच्या उलट. आसवारिष्टाची काचेची बाटली वाटेत फुटते, तर घट्ट बंद केलेले चूर्ण सुखरूप पोहोचते. पावसाळ्यात मात्र चूर्णालाही दुहेरी वेष्टन हवेच. वत्सनाभ, भल्लातक, कुचला, हिंगुळ अशी अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेले कल्प निदान आरंभी तरी विक्रीस ठेवू नयेत. त्रिभुवनकीर्तीसारखे कल्प रुग्ण पाहूनच द्यावेत.

संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी स्वतःच्या नावे करावी व सांकेतिक शब्द आपल्याच हाती ठेवावा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळक द्यावा. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे.

औषधाचे पान कसे लिहावे

उदाहरणादाखल अविपत्तिकर चूर्ण घेऊ. बहुतेक ठिकाणी 'पित्तावर रामबाण' एवढेच आढळते. या दोन शब्दांनी रुग्णाला काहीच कळत नाही.

प्रथम रुग्णाच्या भाषेत लिहावे. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणे, हे शब्द तो महाजालावर शोधीत असतो. 'अम्लपित्त' हा शास्त्रीय शब्द त्यापुढे यावा. 'जठरातील व्रण' मात्र लिहू नये, तो परिशिष्टातील विषय आहे.

त्यानंतर ग्रंथाधार आणि घटकद्रव्ये प्रमाणासह द्यावीत. भैषज्यरत्नावलीतील पाठात शर्करा निम्मी आणि निशोत्तर एकतृतीयांश आहे. हे प्रमाण वैद्याला पाठ असते. घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून स्पष्ट लिहावे : या चूर्णात साखर निम्मी आहे, मधुमेहींनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. निशोत्तर रेचक आहे. गर्भिणी, अतिसाराचे रुग्ण व अशक्त वृद्ध यांनी घेऊ नये. मात्रा, अनुपान आणि किती दिवसांत आराम न पडल्यास वैद्यांकडे जावे, हेही द्यावे. काळे शौच, रक्ताची उलटी अथवा छातीतून हाताकडे जाणारी कळ असल्यास चूर्ण न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे, ही ओळ ठळक असावी.

वनस्पतींची नावे लिहिताना घोटाळा टाळावा. आपल्याकडे मंडूकपर्णीलाही ब्राह्मी म्हणतात. तेव्हा सेंटेला एशियाटिका की बॅकोपा मोनिएरी, हे देवनागरीत का होईना, नमूद करावे.

अखेरीस, चालू असलेले कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये, हे वाक्य प्रत्येक पानावर हवे. आमच्या पानांवर ते औषधाच्या नावाखाली, किमतीच्याही आधी आहे. ते का आहे, हे आता वाचकांस सांगावयास नको.

असे लिहिल्याने विक्री घटेल, अशी शंका मलाही होती. आरंभी मागण्या कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे. पुढे मात्र मागणीबरोबर प्रश्न येऊ लागले : आईला चालेल का, अमुक गोळी चालू आहे, मध्ये किती वेळ ठेवू? असे विचारणारा मनुष्य पुन्हा येतो. त्यांतील कित्येकजण पुढे प्रत्यक्ष तपासणीस आले.

संकेतस्थळ हे औषधालयाचे दुसरे दार आहे. पहिल्या दाराशी आलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत पाहून जे बोलावयास आपली जीभ धजणार नाही, ते दुसऱ्या दारावर लिहू नये. एवढे पथ्य पाळले, तर बाकीचे तंत्र कोणीही शिकवील.