जुन्या कॅम्परची अदलाबदल

जुन्या कॅम्परची अदलाबदल म्हणजे वापरलेली कॅम्पर गाडी वाहनविक्रेत्याच्या स्वाधीन करून तिची ठरलेली किंमत नव्या गाडीच्या किमतीतून वळती करून घेण्याचा व्यवहार होय. शोरूममध्ये त्यास ‘एक्स्चेंज’ म्हणतात. बोलीभाषेत ‘जुनी देऊन नवी घेणे’ असा प्रयोग रूढ आहे. वरवर पाहता ही एकच देवाणघेवाण भासत असली, तरी व्यवहारात तिचे दोन भाग असतात. विक्रेता ग्राहकास नवी गाडी विकतो आणि ग्राहक विक्रेत्यास जुनी गाडी विकतो. पहिल्या भागाची कागदपत्रे तत्परतेने पूर्ण होतात, कारण त्यावाचून नवी गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही. दुसरा भाग मात्र पुष्कळदा सह्या केलेल्या कोऱ्या अर्जांवर अडून राहतो, आणि गाडी ताब्यातून गेल्यावरही तिची जबाबदारी जुन्या मालकाच्या नावावर उरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर परिसरात हा व्यवहार कसा होतो व त्यास कोणते नियम लागू आहेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

संज्ञा

पाश्चात्त्य देशांत ‘कॅम्पर’ म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली, सहलीसाठी वापरली जाणारी गाडी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र हा शब्द दुहेरी केबिनच्या पिकअपसाठी वापरला जातो. महिंद्रा कंपनीच्या ‘बोलेरो कॅम्पर’ या वाहनाच्या नावावरून तो रुळला. पुढे चालकासह पाच जणांची आसनव्यवस्था आणि मागे मालासाठी उघडा हौदा, अशी या गाडीची रचना असते. (लग्नाच्या मांडवात दिसणाऱ्या थंड पाण्याच्या कॅम्परचा या गाडीशी संबंध नाही, दोन्ही शब्द एकाच गावात सुखाने नांदतात.)

पार्श्वभूमी

श्रीरामपूर तालुक्याची शेती प्रवरेच्या कालव्यांवर वाढली. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी या कालव्यांतून मिळू लागल्यावर हा भाग उसाचा प्रदेश म्हणून ओळखला जाऊ लागला. हरेगावचा जुना खासगी साखर कारखाना, शेती महामंडळाचे मळे व पुढे अशोक सहकारी साखर कारखाना यांमुळे येथे शेतीमालाची व मजुरांची ने-आण सतत चालू असते. माणसे आणि माल एकाच फेरीत नेणारी गाडी अशा ठिकाणी उपयोगी पडते. पाणबुडी मोटारी बसविणारे कारागीर आपली अवजारे घेऊन तिने फिरतात, तर शेतकरी कुटुंब कांद्याच्या गोण्यांसह बाजार समितीत जाते. गाडी अशी रोज राबत असल्याने ती विकून महिना-दोन महिने वाहनाविना राहणे परवडत नाही. बाहेरच्या बाजारात काहीसा अधिक भाव मिळण्याची शक्यता असूनही मालक शोरूमकडे वळतो, त्याचे मुख्य कारण हे होय.

श्रीरामपूर येथे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय असून तेथे नोंदलेल्या वाहनांचा क्रमांक ‘एमएच-१७’ या अक्षरांनी सुरू होतो.

भाव कसा ठरतो

कॅम्पर सामान्यतः मालवाहू, म्हणजेच परिवहन वाहन म्हणून नोंदलेली असते. तिची क्रमांकपट्टी पिवळी असते. त्यामुळे तिच्या भावात योग्यता प्रमाणपत्राला, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘पासिंग’ म्हणतात त्याला, मोठे महत्त्व असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार परिवहन वाहनास आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत हे प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांसाठी मिळते आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. आठ वर्षांची रेषा ओलांडलेल्या गाडीचा भाव कमी सांगितला जातो, त्यामागे हा वाढता खर्चही असतो. ज्या मालवाहू वाहनाचे भारासहित एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही, त्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ६६ अन्वये परवाना लागत नाही. नोंदणीपुस्तकातील वजनाचा आकडा म्हणूनच पाहून घ्यावा.

शोरूमचा मूल्यमापक गाडी थंड असताना इंजिन सुरू करून पाहतो. गरम इंजिनात अनेक दोष झाकले जातात. धुराचा रंग निळा असेल तर इंजिनात तेल जळत असल्याचा अंदाज बांधतात. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडल्यावर तेथून जोराने वाफ बाहेर येत असेल, तर सिलिंडर व रिंगा झिजल्याचे ते लक्षण मानले जाते. यानंतर पाहणी होते ती हौद्याची. ओले शेणखत, रासायनिक खते आणि मीठ यांनी पत्रा आतून खातो, आणि नव्या रंगाखाली हा गंज लपविता येतो; म्हणून जाणकार मनुष्य हौद्याकडे वरून न पाहता खालून पाहतो. चेसिसला वेल्डिंग केलेले आढळल्यास भाव एकदम खाली येतो, कारण ती गाडी वारंवार क्षमतेबाहेर लादली गेल्याची किंवा अपघातात सापडल्याची शंका येते. मीटरवरील किलोमीटरचा आकडा मागे घेतला जाऊ शकतो. त्यापेक्षा सर्व्हिसिंगच्या नोंदी, पाट्यांची स्थिती व पायाखालच्या पेडलांची झीज यांवर अधिक भरवसा ठेवला जातो.

हौद्यात बसविलेली बाके, वाढविलेली उंची अथवा बदललेली रचना नोंदणीपुस्तकात नसेल, तर तो कलम ५२ चा प्रश्न ठरतो. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलात परवानगीवाचून केलेला बदल हे कलम मान्य करत नाही. असे बदल काढून गाडी मूळ रूपात आणण्याचा खर्च विक्रेता भावातून वजा करतो.

फरकाची रक्कम

या व्यवहारात ग्राहकाची सर्वाधिक फसगत जुन्या गाडीच्या भावाकडे एकटक पाहण्याने होते. खरा आकडा असतो तो ‘फरक’, म्हणजे जुनी गाडी देऊन वर किती पैसे मोजावे लागतात तो. समजा, नव्या गाडीची किंमत १० लाख रुपये आहे. एक विक्रेता जुनीचे ४ लाख देतो, परंतु रोख सवलत देत नाही. फरक ६ लाख. दुसरा जुनीचे ३ लाख ७० हजारच देतो, पण नवीवर ४० हजारांची सवलत देतो. फरक ५ लाख ९० हजार. जुनीचा भाव ३० हजारांनी कमी असूनही दुसरा व्यवहार १० हजारांनी स्वस्त पडतो. विमा, नोंदणी व जोडसाहित्य यांच्या रकमा दोन्ही ठिकाणी सारख्या आहेत काय, हे पाहिल्यावाचून ही तुलना पुरी होत नाही. त्यासाठी ‘जुनी न देता नवीची अंतिम किंमत किती?’ हा प्रश्न आधी विचारून तिचा लेखी तपशील घेणे, व जुन्या गाडीचा विषय त्यानंतर काढणे इष्ट ठरते.

दसरा, दिवाळी पाडवा व गुढी पाडवा या मुहूर्तांवर नव्या गाड्यांची मागणी वाढते. डिसेंबरात नोंदलेली गाडी काही आठवड्यांतच कागदावर एका वर्षाने जुनी दिसू लागते, हीही भाव करताना लक्षात ठेवण्याची बाब आहे.

वस्तू व सेवा कर

अदलाबदलीमुळे नव्या गाडीवरील कर कमी होतो, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावली, २०१७ मधील नियम २७ च्या उदाहरणात जुना फोन व २०,००० रुपये देऊन नवा फोन घेतलेला आहे. त्या नव्या फोनची एरवीची किंमत २४,००० रुपये असल्याने करासाठीचे मूल्य २४,०००च धरले आहे. हेच तत्त्व गाडीस लागू होते. याउलट अमेरिकेतील अनेक राज्यांत जुन्या वाहनाची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच विक्रीकर आकारतात.

जुनी गाडी पुढे विकताना नोंदणीकृत विक्रेता संपूर्ण किमतीवर नव्हे, तर खरेदी-विक्रीतील नफ्याच्या रकमेवर कर भरतो. जानेवारी २०२५ पासून हा दर १८ टक्के आहे. मालवाहू मोटारींवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीच्या भावालाही ओढ लागते, हे या बदलाच्या वेळी ज्यांची गाडी विकावयाची होती त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

मालकीचे हस्तांतरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंद बदलून घेणे बंधनकारक आहे. यासाठी नमुना २९ व नमुना ३० हे अर्ज भरतात. महाराष्ट्रात त्यांना ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. त्यांवर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा चिकटविण्याची पद्धत आहे.

जुनी रीत अशी की, मालकाने टीटी फॉर्मवर सह्या करून द्यावयाच्या, घेणाऱ्याचे नाव मोकळे सोडावयाचे, आणि विक्रेत्याने गिऱ्हाईक मिळाल्यावर ते भरावयाचे. गाडी या काळात दलालाकडून दलालाकडे फिरते. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अशाच परिस्थितीचा विचार केला. त्यातील गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावे होती. कलम २(३०) मधील व्याख्येनुसार ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तोच मालक, म्हणून अपघाताची नुकसानभरपाई देण्याचे दायित्व त्याच्यावरच येते, असा निर्णय न्यायालयाने दिला. गाडीचा विमा संपलेला असल्यास ही रक्कम थेट त्या माणसाच्या मिळकतीवर येते. शेतकऱ्याच्या बाबतीत मिळकत म्हणजे बहुधा जमीन.

ही अडचण लक्षात घेऊन केंद्र शासनाने २२ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने नोंदणीकृत वाहनांच्या ‘अधिकृत विक्रेत्या’ची तरतूद आणली. परिवहन विभागाकडून विक्रेत्यास पाच वर्षांसाठी अधिकारपत्र मिळते. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९सी मध्ये संकेतस्थळावर नोंदविली की तो विक्रेता मालक मानला जातो आणि गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. चाचणी, प्रदर्शन, दुरुस्ती व तपासणी यांसारख्या कामांखेरीज ती गाडी रस्त्यावर वापरण्यास त्यास मुभा नसते, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. ही तरतूद अधिकारपत्रधारक विक्रेत्यापुरतीच आहे. म्हणून गाडीची किल्ली देण्यापूर्वी अधिकारपत्र पाहणे व सूचनेची पोच मागणे, ही दोन कामे भावाच्या घासाघिशीपेक्षा कमी महत्त्वाची नाहीत. अधिकारपत्र नसेल, तर गाडी सोपविल्याची तारीख व वेळ लिहिलेली, शिक्का असलेली पावती घ्यावी, आणि सह्या केलेल्या अर्जांची छायाचित्रे जवळ ठेवावीत. तथापि केवळ अशा पावतीने नोंदणीकृत मालकाचे दायित्व संपत नाही.

बोजा, विमा व फास्टॅग

कर्जाऊ गाडीच्या नोंदणीपुस्तकात वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. तो उतरविल्यावाचून नाव बदलता येत नाही. थकबाकी फेडल्यावर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळवावा लागतो. पुष्कळदा विक्रेता उरलेले कर्ज परस्पर फेडतो व ती रक्कम जुनीच्या भावातून कापतो. वरील उदाहरणात दीड लाखाचे कर्ज बाकी असल्यास पहिल्या विक्रेत्याकडील फरक साडेसात लाखांवर जातो. कर्जापोटी जमीनही तारण दिलेली असेल, तर सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातील बोजा कमी करण्यासाठी फेरफाराची स्वतंत्र कार्यवाही लागते. गाडी गेली म्हणून ती आपोआप होत नाही.

विम्यातील दावारहित सवलत ही गाडीची नसून मालकाची असते. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास त्याच वर्गातील नव्या गाडीच्या विम्यात ती तीन वर्षांपर्यंत वापरता येते, आणि पाच वर्षे दावा केलेला नसल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. अदलाबदलीच्या घाईत ती सर्रास विसरली जाते. थकीत ई-चलने भरून टाकणे आणि काचेवरचा फास्टॅग बंद करणे ही कामेही गाडी सोपविण्याच्या दिवशीच करावयाची असतात. अन्यथा नवा चालक टोलनाक्यावरून जाईल आणि पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून वजा होतील.