आधी लाकडात, मग दगडात

डॅन ब्राउनची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली आली आणि स्कॉटलंडमधल्या रॉसलिन या छोट्या गावाकडे जगभरातून माणसं लोटली. टेम्पलर योद्ध्यांचं गुपित इथल्या चॅपलच्या पोटात दडलंय, ही कल्पना त्यांना खेचून आणते. मला याचं वाईट वाटतं, कारण गुपिताच्या नादात डोळ्यांसमोरचं काम बघायचं राहून जातं. टेम्पलरांचा पंथ पोपने १३१२ साली मोडीत काढला. चॅपलचा पाया घातला गेला १४४६ साली. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे १३०९ मध्ये एडिंबऱ्यात टेम्पलरांवर खटला चालला, तेव्हा चॅपल बांधणाऱ्या सिंक्लेअर घराण्यातल्या मंडळींनी त्यांच्या विरोधात साक्ष दिली होती.

ऑर्कनीचा अर्ल विल्यम सिंक्लेअर याला आपल्या आणि घराण्याच्या आत्म्यांसाठी नित्य प्रार्थना व्हायला हवी होती. त्यासाठी एडिंबऱ्यापासून अकराएक किलोमीटरवर त्याने काम काढलं. कारागीर आले, त्यांची बिऱ्हाडं आली, आणि १४५६ साली त्या वस्तीला राजाची सनद मिळाली.

कोरीवकामाची पद्धत सिंक्लेअर घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या फादर हे यांनी पुढे लिहून ठेवली. आधी फळ्यांवर नक्षीचं रेखाटन व्हायचं, मग सुतार ती लाकडात कोरायचे, आणि तो नमुना पुढ्यात ठेवून पाथरवट वालुकाश्मावर छिन्नी धरायचे. हे कळल्यावर भिंतींकडे पुन्हा बघावं. पानांच्या कडा इतक्या आत वळवलेल्या आहेत, की मागून बोट फिरवता येईल असं वाटतं. तोंडातून वेली फुटलेले ‘हिरवे पुरुष’ शंभराहून अधिक आहेत. एक देवदूत चक्क बॅगपाइप वाजवतो. एका आडव्या पट्टीवर सात पापं आहेत, दुसरीवर सात सत्कर्मं. पण लोभ सत्कर्मांत आणि दया पापांत जाऊन बसली आहे. माझ्या मते ही गवंड्याची चूक असावी. लोक तिच्यातही संकेत शोधतात.

सगळ्यात गाजलेला आहे तो शागिर्दाचा खांब. तळाशी आठ ड्रॅगन, आणि वेलींचे पीळ खांबाला वेढत थेट वरपर्यंत चढतात. उस्ताद परगावी असताना शागिर्दाने हा खांब घडवला आणि परतलेल्या उस्तादाने मत्सराने त्याच्या डोक्यात हातोडा घातला, अशी दंतकथा आहे. अशा कथा युरोपात इतरत्रही सांगतात. छत मात्र दंतकथेविनाही थक्क करतं. ते सबंध दगडी कमानीचं, पाच पट्ट्यांचं आहे. एकेका पट्टीत डेझी, लिली, गुलाब अशी फुलं भरलेली, आणि शेवटच्या पट्टीत नुसत्या चांदण्या.

या दगडाने बरंच सोसलं. धर्मसुधारणेच्या लाटेत १५९२ साली वेद्या फोडल्या गेल्या. १६५० मध्ये क्रॉमवेलच्या फौजेने इथे घोडे बांधले. खिडक्यांना काचा लागल्या त्या १७३६ साली. तरी सर्वांत खोल इजा झाली ती जपणुकीच्या हेतूनेच. १९५०च्या दशकात आतल्या कोरीवकामावर सिमेंटसारखा राखाडी लेप दिला गेला. वालुकाश्म ओल शोषतो आणि ती बाहेरही टाकतो. लेपाने त्याची छिद्रं बुजली, पाणी आतच कोंडलं आणि दगड कुजू लागला. शेवटी १९९७ मध्ये अख्ख्या इमारतीवर पोलादी छत्र उभारलं. पाऊस अडला, वारा खेळता राहिला, आणि दगड वरच्या, बाहेरच्या बाजूने हळूहळू सुकत गेला. ते छत्र उतरायला २०१० साल उजाडलं.

त्याच सुमारास छतावरचे सुळके उकलताना दोन सुळक्यांच्या आत कोरलेल्या पोकळ्या सापडल्या. त्या मधमाश्यांच्या पोळ्यांसाठी केलेल्या होत्या. एका सुळक्यावर दगडी फूल आहे आणि त्याच्या पाकळ्यांमधल्या भोकातून माश्यांची ये-जा व्हायची. तिथून मध काढण्याची सोय नाही. म्हणजे माणसाला दिसणार नाही आणि मिळणारही नाही अशा जागी कुणा पाथरवटाने हे घर करून ठेवलं. रॉसलिनचं खरं गुपित विचाराल, तर मी याच फुलाकडे बोट दाखवीन.

विल्यम १४८४ साली वारला आणि काम थांबलं. त्याच्या मुलाने, ऑलिव्हरने, झालेल्या भागावर छत घातलं. पुढचं तसंच राहिलं. आज आपण चॅपल म्हणतो तो ठरलेल्या क्रुसाकार मोठ्या चर्चचा फक्त गाभाऱ्याकडचा भाग आहे. तिथे गेलात तर बाहेर येऊन पश्चिमेच्या अंगाला जरूर वळसा घाला. पुढे न वाढलेल्या भिंतींची अर्धवट टोकं तिथे दिसतात, आणि उरलेल्या चर्चचा पाया गवताखाली बराच लांबवर गेलेला आहे.