आग्या मोहोळाचा डंख आणि न थांबणारी उन्हाळी

ताडोबाकडे जाताना उंच झाडांवर लोंबणारी आग्या मोहोळं तुम्ही पाहिलीच असतील. त्यातली एक माशी डसली, की बघता बघता कातडी लाल होते, फुगते, ठणकायला लागते. आता सांगा, ही सूज कोणी आणली? माशीच्या विषानं म्हणाल. अर्धं बरोबर. उरलेलं काम आपल्याच अंगातली एक पेशी करते, तिचं नाव मास्ट पेशी. 1878 साली जर्मनीत पाउल एर्लिख नावाच्या चोवीस वर्षांच्या पोरानं तिला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत दाणेच दाणे. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं, हे पुढे कळलं. विष लागलं की पेशी ते दाणे बाहेर ओतते, जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि सूज येते.

ह्याच पेशी लघवीच्या पिशवीच्या भिंतीतही असतात. हसू नका रे! लघवीचं नाव काढलं की हसायचं, म्हणून तर पुष्कळ दुखणी दडून राहतात.

आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, पण ह्या पिशवीच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी महिनोन्‌महिने टिकतात. त्यांच्यावर साखरेसारख्या रेणूंचा एक चिकट, पाणीदार थर असतो. कुडाच्या भिंतीला शेणामातीचं सारवण असतं ना, तसा. लघवीतला क्षार त्याच्यामुळे आत शिरत नाही. पुष्कळ संशोधकांचं मत असं, की काही माणसांत हा थर विरतो, लघवीतलं पोटॅशियम भिंतीत झिरपतं आणि तिथल्या नसा व मास्ट पेशी चाळवतात.

मग सुरू होतं ते खरं नवल. चाळवलेली नस मेंदूला दुखल्याचं कळवते, आणि स्वतःच्या टोकातून एक द्रव्यही सोडते, सबस्टन्स पी. ते मास्ट पेशीला लागलं की ती पुन्हा दाणे ओतते. त्या दाण्यांनी नस पुन्हा पेटते. माशीचा डंख चार दिवसांत विसरतो, इथे मात्र पेशी नसेला आणि नस पेशीला उठवत बसते. भरीला पिशवी ताणली गेली की अस्तराच्या पेशी एटीपी सोडतात. एरवी पेशी जे इंधन म्हणून वापरते, तेच इथे नसेला मिळालेला निरोप ठरतं. हे दुखणं जडलेल्यांत ते जास्तच सुटतं, म्हणून थोडी लघवी साठली तरी कळ येते.

आपल्या जंगलातली खाजकुयरी आठवा. तिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस नाचतो. त्या लवेत एक विकर असतं, ते नसेवरच्या पार-2 नावाच्या प्रथिनाचा तुकडा तोडून तिला जागी करतं. मास्ट पेशीच्या दाण्यांतलं ट्रिप्टेझ हे विकरही त्याच प्रथिनाला असंच तोडतं. वेल कुठली, पेशी कुठली, पण रीत एकच! मिरचीही नसेवरच्याच एका प्रथिनाला जागी करते. मिरचीचा तिखटपणा ज्या प्रथिनाला जाणवतो, तेच 43 अंशांपुढची उष्णता ओळखतं. डेव्हिड ज्युलियस ह्यांच्या चमूनं ते 1997 मध्ये शोधलं, त्यासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. सूज असली की ही 43 ची सीमा खाली घसरते आणि अंगाची साधी ऊबही आगीसारखी लागते.

लघवीच्या पिशवीचं हे दुखणं नवं नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या गाय हनर ह्यांनी 1915 मध्ये अशा रोग्यांच्या पिशवीतल्या जखमांवर लिहिलं. त्या जखमा सगळ्यांना नसतात, म्हणून पुष्कळ बायांना "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" असं ऐकावं लागतं. हे मला अजिबात पटत नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा ह्या गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती छापली: 92 टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. तो अभ्यास लघवीच्या पिशवीचा नव्हता, पण बायांची दुखणी किती खोल दडलेली असतात ते त्यानं जगाला दाखवलं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. मोहफुलं वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया दिवसभर पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात, मग उन्हाळी लागते. भरपूर पाण्यानं ती बहुधा ओसरते. तिच्यामागे जंतू असतील तर औषध लागतं. पण ओटीपोटातली कळ आणि वारंवार लघवीला जाणं सहा आठवड्यांहून जास्त चाललं, तपासणीत जंतूही सापडले नाहीत, तर घरच्या बाईला मूत्ररोगतज्ज्ञाकडे न्या. भिंतीतली सूज लघवीच्या साध्या तपासणीत दिसत नाही. ती बघायला दुर्बीण आत घालावी लागते.