काचेच्या तारेला दोन कुलपं

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोर. कोळशाची जहाजं, वीजप्रकल्पांची धुराडी, खाडीतले मच्छीमार. तिथून सुमारे 30 किलोमीटर दक्षिणेला आयआयटी मद्रास. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतलं क्वांटम दळणवळणाचं केंद्र याच संस्थेत आहे. समजा, तिथून एन्नोर बंदरापर्यंत गुप्त किल्ली पाठवायची आहे, तीही प्रकाशातून!

मुळात ही खटपट कशाला? आपले बँकेचे व्यवहार, दवाखान्याचे रिपोर्ट ऑप्टिकल फायबरमधूनच धावतात. त्यांना आजवर लागणारं कुलूप गणिताचं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं महाकठीण. मोठा क्वांटम संगणक मात्र त्या पटकन शोधेल, हे पीटर शोर यांनी 1994 मध्ये दाखवलं. तेवढा मोठा संगणक अजून झालेला नाही. पण चोर थांबू शकतो. आज बंद पेटी चोरून ठेवायची, उघडायची पुढे कधीतरी. ओटीपी काही मिनिटांत निकामी होतो. आजीच्या आजाराची फाइल नाही होत.

दुसरं कुलूप भौतिकशास्त्राचं. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड यांनी ते 1984 मध्ये मांडलं, आणि तेही आपल्या बंगळुरूतल्या परिषदेत. किल्लीचा एकेक अंक एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशकणावर पाठवायचा. मध्येच कुणी डोकावलं की फोटॉन बिघडतो, चुका वाढतात आणि चोरी उघडी पडते. मग ती किल्ली टाकून द्यायची.

अडचण आहे ती अंतराची. चांगल्या फायबरमध्येही दर 15 किलोमीटरला प्रकाश निम्मा होतो. एन्नोरला पाव उरेल, 100 किलोमीटरवर शंभरातला एक. तरीही फेब्रुवारी 2022 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल या 100 किलोमीटरहून लांब, आधीच टाकलेल्या फायबरवर हे करून दाखवलं.

आणखी एक गोम आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पलीकडे खरंच बंदराचं कार्यालय आहे की कुणी तोतया, हे फोटॉन सांगत नाही. ओळख पटवायला गणितच लागतं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये, क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा अपेक्षेने, गणिताची तीन नवी मानकं जाहीर केली. एक किल्लीसाठी, दोन डिजिटल सहीसाठी.

म्हणून शहाणपण दोन्ही किल्ल्या एकमेकींत मिसळण्यात आहे. घड्याळाचे दोन आकडे घ्या. एक 7 आहे हे चोराला कळलं, दुसरा कळला नाही, तर काटा 7 पासून पुढे फिरून कुठे थांबेल हे तो सांगू शकत नाही. एक कुलूप फुटलं तरी दुसरं राहतं.

फोटॉनची यंत्रं महाग. ती बंदरं, बँका आणि लष्करासाठीच ठीक. आपल्या घरात येतोय तो गणिताचा भाग. सिग्नल ॲपने 2023 मध्ये आणि ॲपलच्या आयमेसेजने 2024 मध्ये जुन्या गणिताला नव्याची जोड दिली. तेही अपडेटमधून, बहुतेकांच्या नकळत.