रानपिंगळ्याचे आडनाव

पिंगळा म्हटला की पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा जोशी आठवतो आणि चिंचेवर किरकिरणारा तो वाटोळ्या डोळ्यांचा पक्षीही! मी आपला मराठीचा मास्तर. माझा व्यवहार शब्दांशी. पण या पिंगळ्याच्या एका भाऊबंदाच्या आडनावाचा तंटा वाचला आणि आपल्याकडचे भाऊबंदकीचे दावे मला फिके वाटू लागले.

पक्ष्यांच्या शास्त्रीय नावात आडनाव आधी येते. ती झाली प्रजाती. पाळण्यातले नाव मागून येते. आपल्या पिंगळ्याचे आडनाव 'अथीनी'. ते आहे ग्रीकांच्या विद्यादेवीचे, बोई नावाच्या जर्मन पंडिताने १८२२ साली दिलेले. आपण ज्याला अशुभ म्हणून हाकलतो, त्याला अथेन्सकरांनी थेट नाण्यावर बसवले होते!

१८७२ साली छत्तीसगडच्या रानात ब्लेविट नावाच्या गृहस्थांना एक निराळा पिंगळा मिळाला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, चोच आणि पाय दणकट. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब पक्ष्यांचे मोठे जाणकार. त्यांनी १८७३ साली त्याचे बारसे केले. नाव ब्लेविटचे आणि आडनाव नवे कोरे: 'हेटेरोग्लॉक्स', म्हणजे 'वेगळे घुबड'. मराठीत तो रानपिंगळा.

१८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू गडप झाला. ब्रिटिश संग्रहालयात माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याचा एक नमुना होता. त्यावरची चिठ्ठी सांगे: १९१४, गुजरात. शोधणारे तिच्यावर विसंबले आणि रित्या हातांनी परतले. नमुना मुळात संग्रहालयातूनच चोरलेला, चिठ्ठी बनावट! पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ही लबाडी ओळखली, ती चिठ्ठी बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला. नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या खानदेशात, शहाद्याजवळच्या रानात, तो पक्षी तिला आणि तिच्या सोबत्यांना दिसला. ११३ वर्षांनी! आणि तोही भर दिवसा, कारण रानपिंगळा उजेडातही शिकार करतो.

राहिला आडनावाचा वाद. २०१८ साली भारतीय संशोधकांनी जनुकांची साक्ष काढली. ती म्हणाली, हा अथीनीच्याच घरातला. 'रानपिंगळा' या मराठी नावात ते नाते आहेच की!

ह्यूमसाहेबांचे आडनाव तपासता आले, कारण त्यांची नोंद खरी होती. खोट्या चिठ्ठीने मात्र पाखरूच हरवले होते.