एचआयव्ही आहे, मग फुफ्फुस बदलता येईल का?

"डॉक्टरसाहेब, एचआयव्ही असलेल्याचं फुफ्फुस बदलता येतं का हो?" गेल्या महिन्यात एका बाईंनी विचारले. नवऱ्याला दोनदा क्षयरोग झालेला, चार पावले चालले की दम लागतो. एका मोठ्या रुग्णालयाने एचआयव्हीचे नाव ऐकताच फाईल परत केली होती.

वाचकहो, परके फुफ्फुस शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबावी लागते. एचआयव्हीत ती आधीच खचते, म्हणून एके काळी हा विषयच बंद होता. १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधे आली. भारतात १ एप्रिल २००४ पासून ती सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. आपल्या मेडिकल आणि मेयोतही एआरटी केंद्र आहे. इटलीतील एका एचआयव्हीबाधित रुग्णाच्या यशस्वी फुफ्फुस प्रत्यारोपणाची नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली. अशा शस्त्रक्रिया अजून मोजक्याच आहेत, पण निवडक रुग्णांत निकाल इतरांच्या जवळपास दिसतात.

अटी मात्र कडक. रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडू नये, सीडी-४ पेशी साधारण २०० च्या वर हव्यात, क्षयरोग पूर्ण बरा हवा. विडी-तंबाखू तर बंदच! खर्च कित्येक लाखांचा, आणि गोळ्या जन्मभर.

काही जण लाजेपोटी एचआयव्ही लपवतात. हे जिवावर बेतू शकते. रिटोनाविर हे एचआयव्हीचे औषध चालू असेल, तर प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन याच्या उलट करते. टॅक्रोलिमस कमी पडते आणि शरीर नवे फुफ्फुस नाकारू लागते. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या डोल्युटेग्राविरची टॅक्रोलिमसशी अशी ओढाताण होत नाही, ही मोठी सोय. तरी प्रत्येक गोळीचे नाव सर्जनला कळलेच पाहिजे.

केवळ एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे २०१७ च्या कायद्याने मना आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. प्रकृतीला शस्त्रक्रिया झेपणार नाही, असे डॉक्टर जरूर म्हणू शकतात. पण मग नेमके कारण विचारा, शक्यतो लेखी घ्या.

त्या बाईंना मी एआरटीचे पुस्तक, विषाणूमापनाचा ताजा अहवाल, सीटी स्कॅन आणि क्षयाच्या उपचाराचे जुने कागद एकत्र करून प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात दाखवायला सांगितले. प्रतीक्षायादीत नाव रुग्णालयामार्फतच लागते. विदर्भासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र नागपुरातच आहे. एचआयव्हीसंबंधी शंका असल्यास १०९७ या क्रमांकावर फुकट विचारता येते, नाव सांगावे लागत नाही.