वळताना गाडी कटकट करते? डिफरन्शिअल घरीच, कमी खर्चात दुरुस्त करा

चंदीगडला पाहुणे आले की त्यांना कॅपिटल कॉम्प्लेक्स दाखवणे हे आमच्या घरचे ठरलेले काम. 2016 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. ओळखपत्र दाखवून गाईडसोबत आत जायचे, उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय पाहायचे, वाऱ्याच्या दिशेने फिरणाऱ्या 26 मीटर उंच ‘ओपन हँड’पुढे फोटो काढायचा आणि परतायचे. गेल्या हिवाळ्यात सांगलीहून मावशी आली होती. परत निघताना बाबांनी पार्किंगमध्ये आमची जुनी फोर बाय फोर हळू वळवली आणि मागच्या बाजूने आवाज आला, कट-कट-कट. मावशी घाबरून म्हणाली, ‘‘अगोबाई, चाक निखळतंय की काय?’’

चाक ठीक होते. झिजले होते ते लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. वर्कशॉपने पूर्ण युनिट बदलायला सांगितले. तो खर्च ऐकून आईने शिमल्याचा बेतच रद्द केला. बाबा मात्र म्हणाले, ‘‘आधी उघडून तर बघू.’’ तुमच्याकडेही अशी गाडी असेल, तर हा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल.

हा भाग करतो काय?

वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे डिफरन्शिअलचे काम. पण साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक चिखलात किंवा बर्फात घसरले, की तेच गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. लिमिटेड स्लिपमध्ये घर्षणाच्या आणि स्टीलच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंग त्यांना दाबून ठेवते, त्यामुळे घट्ट जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो. या चकत्या झिजल्या की घाटात ऐनवेळी गाडी दगा देते.

आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये तुमचा प्रकार पाहा. काही डिफरन्शिअलमध्ये चकत्यांऐवजी फक्त गिअर असतात. महिंद्रा थारच्या काही मॉडेल्समधले ईटन कंपनीचे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअलही वेगळ्या पद्धतीने काम करते. पुढची माहिती फक्त चकत्यांच्या प्रकारासाठी आहे.

पहिला उपाय सर्वात स्वस्त

हळू वळताना होणारी कटकट पुष्कळदा जुन्या किंवा चुकीच्या तेलामुळे असते. मॅन्युअलमध्ये सांगितलेले गिअर ऑइल भरा आणि कंपनीने सुचवले असेल तर फ्रिक्शन मॉडिफायरही घाला. ड्रेन प्लग काढण्याआधी वरचा फिलर प्लग सुटतो का ते नक्की पाहा. नाहीतर तेल काढून बसाल आणि नवे भरता येणार नाही. मग मोकळ्या मैदानात इंग्रजी 8 च्या आकारात दहा-बारा फेऱ्या हळू मारा. बहुतेकदा कटकट इथेच थांबते.

आमचीही थांबली. पण ओल्या मातीत एकच चाक फिरत होते, म्हणजे चकत्या खरोखर झिजल्या होत्या. याची खात्री टॉर्क रेंचने होते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर आणि मागचे एकच चाक वर. हँडब्रेक सोडून ते चाक रेंचने फिरवायचे. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा खूप कमी जोरात फिरले, तर उघडण्याला पर्याय नाही.

या चुका टाळा

- एक चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नका. अशा डिफरन्शिअलमध्ये जमिनीवरचे चाकही जोर घेते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.
- नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका. मजबूत स्टँड लावा.
- आतली स्प्रिंग दाबलेली असते. उघडताना डोळ्यांवर गॉगल हवाच.
- हा भाग जड असतो. उचलायला दुसरा माणूस जवळ ठेवा.

पैसे कुठे वाचतात?

उघडण्यापूर्वी बेअरिंगच्या कॅप आणि शिम यांवर डावे-उजवे अशा खुणा करा. मी प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढत होते आणि बाबा सुटे भाग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडत होते. चकत्या धुऊन मायक्रोमीटरने जाडी मोजा. निळसर पडलेली किंवा वाकलेली स्टीलची चकती बदला, चांगली ठेवा. क्राऊन-पिनियनचे दात आणि बेअरिंग ठीक असतील तर त्यांना हात लावू नका. खरी बचत इथेच होते.

चकत्यांचा संच मिळवण्यासाठी गाडीच्या मॉडेलसोबत एक्सलचा नंबर घेऊन जा. इकडे मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला शोधा. मुंबईकरांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुणेकरांसाठी नाना पेठ आहेच. भंगारातून जुन्या चकत्या मात्र आणू नका, त्याही झिजलेल्याच असतात.

नव्या चकत्या तेलात भिजवून, मूळ क्रमानेच बसवा. बोल्ट मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा.

कुठे थांबायचे?

सर्व शिम जुन्या जागी गेले, तरी क्राऊन-पिनियनमधली फट डायल गेजने तपासावीच लागते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका फरकही आवाज आणि झीज वाढवतो. आमच्याकडे गेज नव्हते, म्हणून बाबांनी ही तपासणी डिफरन्शिअलच्या जाणकार मिस्त्रीकडून करून घेतली. सगळे घरीच करण्याचा हट्ट धरला असता, तर वाचवलेले पैसे नव्या क्राऊन-पिनियनवर गेले असते.

त्यानंतर पुन्हा 8 च्या फेऱ्या मारल्या आणि साधारण हजार किलोमीटरनंतर तेल बदलले. घरातल्या दोघांचे तीन रविवार गेले, पण नव्या युनिटचा खर्च टळला.

मार्चमध्ये शिमल्याला निघण्याआधी बाबांनी गाडी मुद्दाम त्याच पार्किंगमध्ये नेली आणि हळूच वळवली. मी मागच्या सीटवर कान देऊन बसले होते. काहीच ऐकू आले नाही. आईने पिशवीतून थर्मास काढला आणि म्हणाली, ‘‘चला आता, उशीर होतोय.’’